वॉलेस आणि त्यांचा सोबती अली

शाळा अर्ध्यावर सुटली की शिक्षण संपले, अशी समजूत आपल्या समाजात अनेक घरांतून आढळते. असे वाटणाऱ्यांनी आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे चरित्र अवश्य पाहावे.

वॉलेस यांचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क गावाजवळ झाला. घरची परिस्थिती खालावल्यामुळे चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. थोरल्या भावाच्या हाताखाली ते जमीन-मोजणीचे काम करू लागले. रानोमाळ हिंडता हिंडता त्यांना झाडांची व किड्यांची ओळख पटत गेली. कॉलेजची पायरी त्यांनी कधी चढली नाही. परंतु हाती पडेल ते पुस्तक वाचण्याची सवय मात्र सोडली नाही.

१८४८ साली ते ॲमेझॉनच्या जंगलात गेले. चार वर्षांनी परतताना भर समुद्रात जहाजाला आग लागली आणि जमविलेला बहुतेक संग्रह नष्ट झाला. दहा दिवस उघड्या होडीत काढून ते वाचले. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. वॉलेस १८५४ साली पुन्हा निघाले, ते सिंगापूरला व तेथून मलाया द्वीपसमूहात.

सारावाकमध्ये १८५५ च्या अखेरीस त्यांनी अली नावाचा एक मलय मुलगा स्वयंपाकासाठी ठेवला. वय जेमतेम पंधरा. अली पाहता पाहता पक्षी टिपण्यास, त्यांची कातडी सोलून नीट जतन करण्यास शिकला. होडी चालविण्यातही तो तरबेज होता. थोड्याच काळात तो वॉलेस यांचा उजवा हात बनला.

१८५८ च्या आरंभी दोघे टर्नाटेजवळील गिलोलो बेटावर गेले. या बेटाला आज हाल्माहेरा म्हणतात. तेथील घनदाट अरण्यात पिट्टा जातीचा एक मोठा पक्षी राहतो. आपल्या कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर येणारा नवरंग हा त्याचाच भाऊबंद. पाठ मखमली काळी, छाती पांढरीशुभ्र, खांदे निळे आणि पोट लालभडक. तुम्हांला वाटेल, इतका रंगीत पक्षी सहज दिसत असेल. पण तसे नाही. तो जमिनीवर वावरतो. लांब, बळकट पायांनी खडकांतून व वेलींच्या गुंत्यातून टुणटुण उड्या मारीत तो क्षणात दिसेनासा होतो. काळी पाठ सावलीत मिसळली की नजर फसलीच! वॉलेस तापाने बेजार होते. अलीने एकट्याने माग काढून या पक्ष्यांची जोडी मिळविली.

याच सुमारास तापाने पडून असताना वॉलेस यांना सुचले, की जे जीव परिस्थितीशी अधिक जुळतात तेच टिकतात व त्यातूनच नव्या जाती उत्पन्न होतात. त्यांनी निबंध लिहून डार्विन यांच्याकडे धाडला. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. त्याच वर्षी बाचान बेटावर अलीने आणलेल्या एका अपूर्व पक्ष्याला पुढे वॉलेस यांचे नाव मिळाले.

१८६२ मध्ये निरोप घेताना वॉलेस यांनी अलीला पैसे, दोन बंदुका व इतर सामान दिले. एकूण संग्रह १,२५,६६० नमुन्यांचा. त्यांत पक्षी ८,०५०, आणि त्यांतील फार मोठा वाटा अलीचा. पुढे सुमारे पंचेचाळीस वर्षांनी टर्नाटेत एका अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाला एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनी आपले नाव अली वॉलेस असे सांगितले. वॉलेस यांचे निधन ७ नोव्हेंबर १९१३ रोजी झाले.

मित्रांनो, अलीची नजर व हात कोणाहून कमी नव्हते. पण त्याने स्वतः लिहिलेला एक कागदही आपल्यापर्यंत आलेला नाही. वॉलेस यांनी आपल्या ग्रंथांत प्रांजळपणे त्याचा उल्लेख केला, म्हणूनच तो आपल्याला माहीत आहे. त्याने काय पाहिले, काय सोसले, हे त्याच्या शब्दांत आता कधीच कळणार नाही. म्हणून पालकहो, मुलांच्या हाती हुन्नर जरूर द्या. पण त्याच हातात लेखणीही द्या. आपल्या मुलांची कामगिरी दुसऱ्या कोणी लिहिण्याची वाट पाहावी लागू नये.