श्री गाडगेमहाराज आणि मामांचा अंगठा

ज्ञातिबांधवहो, आपल्या परीट समाजातील घरोघरी ज्यांची तसबीर आहे, त्या श्री गाडगेमहाराजांचे चरित्र आपणांस ठाऊकच आहे. खराटा, फुटके गाडगे, चिंध्यांचा झगा यांविषयी पुष्कळ लिहून झाले. वणीस तीन तपे मुलांकडून बाराखडी गिरवून घेतलेल्या आम्हांस मात्र त्यातील एकच प्रसंग राहून राहून आठवतो, आणि तो महाराजांचा नसून त्यांच्या मामांचा आहे.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. मातोश्री सखूबाईंनी मुलास घेऊन दापुरे येथे माहेरचा आश्रय केला. डेबूच्या हाती पाटी आली नाही, गुरे राखण्याची काठी आली. मामा चंद्रभानजी कष्टाळू व सरळ मनाचे, परंतु निरक्षर. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे त्यांस वाचता येईना. अंगठा उठत गेला, कर्ज वाढत गेले, आणि एके दिवशी कसलेली जमीन आपली उरली नाही असे कळले. त्या धक्क्यातून ते उठले नाहीत. जमीन गेल्याचे दुःख तर खरेच. पण आपण कशास होकार दिला हेच उमगू नये, ही यातना त्याहून दारुण असली पाहिजे. पदराआडून पत्र काढून ते आमच्याकडून वाचून घेण्यास येणाऱ्या माउल्यांच्या मुखावर आम्ही ती पाहिली आहे. पत्र सुखाचे असले तरी त्यांची मान वर होत नसे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी महाराजांनी गृहत्याग केला. पूर्णेकाठी त्यांनी घाट बांधला तो ऋणमोचन येथे. हे नाव वाचताना आम्हांस चंद्रभानजींची आठवण होते. पुढे आपल्या नाशिकास व पंढरपुरास धर्मशाळा झाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. कीर्तनात ते श्रोत्यांसच प्रश्न विचारीत. कर्ज काढू नये, देवापुढे बोकड मारू नये, वेळ पडल्यास जेवणाचे ताट विकावे पण मुलास शाळेत घालावे, हा त्यांचा आग्रह असे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक पेढी नदीजवळ त्यांनी देह ठेवला. स्वतःस ते अडाणीच म्हणवीत. लोक त्यास विनय समजतात. आम्हांस त्यात दापुऱ्याचा जुना सलही दिसतो.