दार मिटलेल्या घराचा शोक

सीरियातील हमा शहराजवळ, ओरोंतेस नदीकाठच्या कड्यावर शैजरचा किल्ला आहे. या किल्ल्यावर राज्य करणाऱ्या घराण्यात १०९५ साली उसामा इब्न मुनकिज यांचा जन्म झाला. वडील मुर्शिद यांनी गादी धाकटा भाऊ सुलतान याला सोडली आणि स्वतः कुरआन शरीफच्या प्रती हाताने लिहीत राहिले. सुलतानला मुलगा नव्हता तोवर पुतण्या उसामावर त्याची माया होती. मुलगे झाले आणि माया आटली. ११३८ मध्ये उसामा यांना शैजर सोडावे लागले.

पुढे दमास्कस, मग कैरो, पुन्हा दमास्कस अशी वणवण झाली. इजिप्तहून येणारे त्यांचे कुटुंब समुद्रात लुटले गेले. बायका-मुले वाचली, चार हजार ग्रंथ मात्र गेले. ते दुःख त्यांना जन्मभर सलत राहिले.

ऑगस्ट ११५७ मध्ये उत्तर सीरिया भूकंपाने हादरला. हमा उद्ध्वस्त झाले. तेथील एक शिक्षक कामासाठी मदरशाबाहेर गेले होते. परतले तेव्हा सगळी मुले ढिगाऱ्याखाली होती आणि त्यांची चौकशी करायला एकही आई-बाप आला नाही, असे इतिहासकार इब्न अल-असीर यांनी नोंदवले आहे.

शैजरमध्ये त्या दिवशी सुंतेचा सोहळा होता. चुलतभाऊ ताजुद्दौला याच्या घरी सारे आप्त जमले होते. किल्ला कोसळला आणि घराणेच गाडले गेले. ढिगाऱ्यातून ताजुद्दौलाची पत्नी तेवढी जिवंत निघाली. पुढे नुरुद्दीन यांनी शैजर ताब्यात घेऊन तटबंदी पुन्हा बांधली.

घरातून काढले गेले म्हणून उसामा वाचले. ज्यांनी दार मिटले तेच गाडले गेले, याचा आनंद मानणे सोपे होते. उसामा यांनी त्यांच्यासाठी शोककाव्य लिहिले. सुमारे १५ वर्षांनी, उजाड घरे आणि हरवलेली माणसे यांच्यावरच्या अरबी कवितांचा मोठा संग्रह त्यांनी सिद्ध केला. त्यामागची प्रेरणा शैजरचा विध्वंस हीच होती.

सुलतान सलाहुद्दीन यांनी ११७४ मध्ये त्यांना सन्मानाने दमास्कसला बोलावले. तेथेच ११८८ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. पन्नास वर्षांपूर्वी सुटलेल्या घरावर त्यांनी अखेरपर्यंत माया केली.