दासोपंतांची पासोडी

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव योगेश्वरी देवीचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. याच गावी एक विलक्षण वस्त्र जपून ठेवलेले आहे. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा या जाड्याभरड्या कापडावर ओळीमागून ओळ ओव्या लिहिलेल्या आहेत. हीच दासोपंतांची पासोडी होय.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ मध्ये, म्हणजे इ. स. १५५१ साली, बिदरच्या मुलखातील नारायणपेठ येथे झाला. वडील दिगंबरपंत तेथील देशपांडे होते. रयतेकडून सारा गोळा करून तो बिदरच्या बरीदशाही दरबारी भरणे हे त्यांचे काम. आईचे नाव पार्वतीबाई.

परंपरा अशी सांगते की, एका वर्षी भयंकर दुष्काळ पडला. रयतेच्या घरी दाणा उरला नाही, मग सारा कोठून येणार? तेव्हा थकलेल्या रकमेबद्दल बादशहाने लहानग्या दासोपंताला ओलीस ठेवून घेतले. महिनाभरात रक्कम न आल्यास मुलाचे धर्मांतर करण्यात येईल, अशी अट घातली. आईबापांनी अन्नपाणी वर्ज्य करून श्रीदत्ताचा धावा मांडला. इकडे दासोपंत आपल्या खर्चासाठी मिळणारे पैसे रोज दान करून टाकी. मुदतीच्या अखेरच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाच्या एका इसमाने सर्व रक्कम भरली आणि मुलाची सुटका झाली. तो इसम पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. तो साक्षात दत्तच होता, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

घरी आनंदीआनंद झाला. पण दासोपंतांचे मन घरात रमेना. ज्याने आपल्याला सोडविले त्याच्या भेटीचा त्यांना ध्यास लागला. एके दिवशी आईवडील व तरुण पत्नी यांना मागे ठेवून ते निघून गेले. माहूरगडावर त्यांनी बारा वर्षे तप केले. पुढे गोदावरीकाठच्या राक्षसभुवन येथे त्यांना दत्ताच्या पादुका लाभल्या, असे सांगतात.

या बारा वर्षांत घरच्या माणसांचे काय झाले असेल? जो पुत्र बादशहाच्या हातून परत मिळाला, तो देवाच्या ओढीने दुरावला होता. बारा वर्षे ज्याचा ठावठिकाणा लागत नाही तो मृत समजावा, अशी त्या काळची रूढी होती. तिला अनुसरून सुनेचे वैधव्यविधी करण्यासाठी ते दुःखी कुटुंब गोदाकाठी वाणीसंगमावर आले. नेमके त्याच वेळी दासोपंत तेथे पोहोचले! क्षणभर उशीर होता, तर एका संसाराचा शोकांत झाला असता. त्या भेटीचे सुख काय वर्णावे?

यानंतर दासोपंतांनी आपल्या माणसांना पुन्हा अंतर दिले नाही. सर्वांसह ते अंबाजोगाईस आले आणि तेथेच स्थायिक झाले. संत एकनाथ हे त्यांचे समकालीन. गृहस्थाश्रमात राहूनच दासोपंतांनी प्रचंड लेखन केले. भगवद्गीतेवरील त्यांच्या 'गीतार्णव' या टीकेत सव्वा लाख ओव्या आहेत, असे मानतात. त्यांना रोज ढबू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. पासोडीवर त्यांनी 'पंचीकरण' लिहिले. पंचमहाभूतांपासून ही सृष्टी कशी घडली, याचे विवेचन त्यात आहे.

शके १५३७ मध्ये माघ वद्य षष्ठीस त्यांनी अंबाजोगाई येथे देह ठेवला. तेथेच त्यांची समाधी आहे. पुत्रासाठी उपाशी राहिलेले आईबाप आणि बारा वर्षे वाट पाहणारी पत्नी यांची नावे त्या पासोडीवर नाहीत. परंतु त्यांच्या मायेचा धागा तिच्यात नाही, असे कोण म्हणेल?