नाव झाकून सांगितलेले सत्य

1932 साली ‘हिंदुव्यवहार धर्मशास्त्र’ या ग्रंथावर सहलेखिका म्हणून बाळूताई खरे हे नाव छापले गेले. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला; त्यावर मात्र नाव होते विभावरी शिरूरकर. शास्त्राविषयी लिहिताना स्त्रीला स्वतःचे नाव लावता येत होते, स्त्रीच्या मनाविषयी लिहिताना ते झाकावे लागले. त्या काळाविषयी याहून बोलका पुरावा कोणता?

1905 साली जन्मलेल्या बाळूताई हिंगण्याला अण्णासाहेब कर्वे यांच्या संस्थेत शिकल्या आणि पुढे कन्याशाळेत शिक्षिका झाल्या. शिकून मिळवत्या झालेल्या मुलींची कुचंबणा त्यांना जवळून दिसली. मुलीच्या पगारावर घर चालते, म्हणून तिचा विवाह लांबणीवर पडतो. ती कमावते, पण आपल्या आयुष्याचा निर्णय तिच्या हाती येत नाही. हे दुखणे त्यांच्या कथांनी निर्भीडपणे मांडले. 1934 च्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीतील अचला तर पतीने टाकल्यावर विवाहाच्या चौकटीबाहेर सहजीवन आणि मातृत्व मागते. पांढरपेशा समाजात खळबळ उडाली. कित्येकांना पुस्तकातील प्रश्नापेक्षा ते लिहिणारी व्यक्ती कोण, याचीच चिंता अधिक पडली.

पुढे त्यांनी सोलापूरच्या वसाहतीत सरकारी नोकरी पत्करली. कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती तेथे तारेच्या कुंपणाआड राहत. त्या अनुभवातून 1950 साली ‘बळी’ ही कादंबरी साकारली. माणसाची ओळख इतरांनी ठरवून द्यावी, या अन्यायाचेच ते दुसरे रूप होते. 1938 साली विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह होऊन त्या मालती बेडेकर झाल्या. 1981 साली मुंबईच्या समांतर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. 2001 साली त्यांचे निधन झाले.

नाशिकच्या सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत आज स्त्रीने कामावर जाणे नवलाचे राहिलेले नाही. परंतु तिने मिळवलेला पैसा कोणाच्या हाती जातो आणि तिच्या आयुष्याचा निर्णय कोण घेतो, हे प्रश्न अद्याप मिटलेले नाहीत. अर्थार्जन म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, ही जाणीव बाळूताईंच्या कथांनी 1933 सालीच करून दिली होती. त्या कथा जुन्या वाटतील, तोच त्यांचा खरा गौरव ठरेल.