जिगोरो कानो : ज्युदो घडवणारा शिक्षक

मुलांना कराटे किंवा ज्युदोच्या क्लासला घालताना आपला पहिला प्रश्न काय असतो? उद्या रस्त्यात कुणी अडवलं तर हे खरंच उपयोगी पडेल का? ज्या माणसाने ज्युदो घडवला, त्याचीही सुरुवात याच प्रश्नापासून झाली होती. म्हणून आज त्याची ओळख करून घेऊ.

जिगोरो कानो यांचा जन्म 1860 साली जपानमधील कोबेजवळच्या मिकागे गावी झाला. आजोळ साके तयार करणाऱ्यांचे, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. पण लहान वयातच आई गेली आणि वडिलांसोबत ते टोकियोला आले. अभ्यासात हुशार, इंग्रजी चांगले, अंगकाठी मात्र किरकोळ. मोठेपणीही उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. वसतिगृहातली दांडगी मुलं त्यांना छळायची. आपल्या वर्गातही असं एखादं मूल असतंच, नाही का?

जुजुत्सू शिकलो तर लहान चणीचाही माणूस मोठ्याला पाडू शकतो, असं त्यांनी ऐकलं होतं. पण शिकवणार कोण? सामुराईंचे दिवस संपले होते, जुन्या विद्या मागासलेल्या वाटू लागल्या होत्या. वडिलांचाही विरोध होता. जुजुत्सूचे बरेच जाणकार आता हाडं बसवून पोट भरत होते. कानो अशा हाडवैद्यांकडेच चौकशी करत फिरले आणि 1877 मध्ये फुकुदा हाचिनोसुके हे गुरू भेटले. एखादा डाव कसा करायचा असं विचारलं, की फुकुदा समजावत बसायचे नाहीत, सरळ उचलून आपटायचे! अंग कायम सुजलेलं.

तालमीत एक जाडजूड सहविद्यार्थी काही केल्या पडेना. मग काय केलं पठ्ठ्याने? सुमोचे डाव विचारले, ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं चाळली आणि एक डाव बसवून त्याला खांद्यावरून पाडलं. (मला स्वतःला त्यांच्या आयुष्यातला हाच प्रसंग सर्वांत आवडतो. मार खाऊन ग्रंथालयात जाणारा मुलगा!)

1882 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, टोकियोतल्या एइशोजी मंदिरात बारा चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान सुरू केले. सुरुवातीला शिष्य फक्त नऊ. इथे त्यांनी जे केलं ते नीट समजून घ्या. बुक्क्या, लाथा, घातक प्रहार त्यांनी रोजच्या मोकळ्या झुंजीतून काढले आणि ठरावीक क्रमाने करायच्या सरावात ठेवले. मुलांना आधी काय शिकवलं? पडायला.

तुम्ही म्हणाल, मग विद्या लुटुपुटीची झाली की! झालं उलटंच. घातक डाव जोडीदारावर पूर्ण जोराने करताच येत नाही, कारण जोडीदार उरणार नाही. पण उचलून टाकणं, धरून ठेवणं हे विरोध करणाऱ्या माणसावर रोज जीव तोडून करता येतं. सराव सुरक्षित झाल्यामुळेच तो खरा झाला.

तरी झुंज जिंकणं हा त्यांचा मुख्य हेतू राहिला नाही. पेशाने ते शिक्षक. टोकियो उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी वीसहून अधिक वर्षे सांभाळले. शरीर व मनाची ताकद वाया न घालवता वापरणं आणि दोघांनी मिळून पुढे जाणं, ही दोन तत्त्वं त्यांनी ज्युदोला दिली. मुलींनाही शिकवलं. 1922 मध्ये ओकिनावाच्या गिचिन फुनाकोशी यांना कोदोकानमध्ये कराटे दाखवायला बोलावलं. आपल्या मुलांच्या कराटेतला पांढरा गणवेश आणि काळा पट्टा ज्युदोकडूनच आलेला आहे. रंगीबेरंगी पट्टे मात्र कानोंचे नव्हेत, ते युरोपात रुळले.

1909 मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. गंमत म्हणजे ज्युदो ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून त्यांनी फारशी धडपड केली नाही. निव्वळ पदकांसाठी खेळलं तर त्यातलं शिक्षण हरवेल, ही त्यांना काळजी होती. ती किती खरी ठरली, हे ज्यांची मुलं स्पर्धांना जातात त्यांनी ठरवावं.

1940 चे ऑलिंपिक टोकियोला मिळावे म्हणून मात्र ते झटले. कैरोच्या बैठकीहून परतताना 4 मे 1938 रोजी 'हिकावा मारू' या जहाजावर त्यांचे निधन झाले. युद्धामुळे ते ऑलिंपिक झालेच नाही. 1964 मध्ये टोकियोलाच ऑलिंपिक भरले आणि ज्युदो त्यात प्रथम आला. ते जहाज आजही योकोहामा बंदरात संग्रहालय म्हणून उभे आहे.