निळ्या सागराचे ऋण

समुद्र हा आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांच्या नित्य दर्शनाचा विषय. त्याची भरती-ओहोटी आम्ही जाणतो, त्याच्या लहरीपणाची किंमतही मोजतो. परंतु तो निळा का, हा प्रश्न आम्हांला क्वचितच पडतो. १९२१ साली तो एका भारतीय प्रवाशाला पडला आणि त्यातून भारतीय विज्ञानाचे भाग्य उजळले. तो प्रवासी म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करणे आम्ही कर्तव्य मानतो.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. बालपण विशाखापट्टणमच्या सागरतीरी गेले. १९०७ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते एम. ए. झाले. परक्या राजवटीत संशोधनावर निर्वाह होण्याची सोय एतद्देशीय तरुणाला जवळजवळ नव्हतीच. म्हणून ते वित्तखात्यात अधिकारी होऊन कलकत्त्यास गेले. दिवसा सरकारी हिशेब आणि सकाळ-संध्याकाळ बहूबाजारातील प्रयोगशाळा, असा क्रम त्यांनी दहा वर्षे चालविला. ही संस्था डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केली होती. १९१७ साली सर आशुतोष मुखर्जी यांनी विद्यापीठात पाचारण करताच रामन यांनी भरघोस वेतनाची नोकरी सोडली.

१९२१ मध्ये विलायतेहून परतताना त्यांना भूमध्य समुद्राच्या निळाईने मोहिनी घातली. समुद्राची निळाई हे आकाशाचे प्रतिबिंब होय, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांनी खिशातील निकोल लोलकातून, पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश गाळून, पाण्याकडे पाहिले. निळाई ओसरली नाही. उलट गडद झाली! पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हा निष्कर्ष त्यांनी मुंबई बंदरातूनच विलायतेच्या ‘नेचर’ नियतकालिकाकडे धाडला. पाणी तांबडे किरण शोषून घेते, याचाही या निळाईत मोठा वाटा आहे, हे आज आपण जाणतो.

पुढील सात वर्षे त्यांनी विद्यार्थ्यांसह याच विषयाचा पाठपुरावा केला. द्रवातून विखुरणारा बहुतेक प्रकाश मूळच्याच रंगाचा राहतो. पण त्यातील अत्यल्प अंश, सुमारे कोटीतला एक, रेणूंशी ऊर्जेची देवघेव करून रंग बदलतो. हे देणेघेणे प्रत्येक पदार्थाचे निराळे असल्याने बदललेला प्रकाश त्या पदार्थाची ओळख सांगतो. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने हा परिणाम निश्चित झाला, तोही अगदी साध्या उपकरणांनी. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. विज्ञानात हा मान मिळविणारे ते पहिले आशियाई. आज औषधे व रत्ने पारखण्यासाठी हाच परिणाम वापरला जातो.

थोरांचे गुणगान करताना त्यांच्या उणिवा झाकणे आम्हांला मान्य नाही. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत इंदूरच्या कन्या कमला भागवत, पुढील कमला सोहोनी, यांना केवळ स्त्री म्हणून रामन यांनी प्रवेश नाकारला. त्यांनी माघार घेतली नाही. तेव्हा जाचक अटींवर, वर्षभराच्या परीक्षेच्या बोलीवर, प्रवेश मिळाला. त्यांच्या कामाने मात्र रामन यांचे मत पालटले व इतर स्त्रियांना ते दार उघडले. पुराव्यापुढे मत बदलणे हाच शास्त्रज्ञाचा धर्म. पण तो पुरावा देण्याचा भार एका तरुणीवर पडावा, हे लांच्छनच होय.

१९४८ मध्ये बंगलोरला स्वतःची संशोधनसंस्था उभारून, १९५४ साली भारतरत्न होऊन, २१ नोव्हेंबर १९७० रोजी रामन निवर्तले. विज्ञान दिनी भाषणे होतील, हारही वाहिले जातील. परंतु ज्या शाळेत उपकरणे कपाटात कुलूपबंद राहतात आणि प्रश्न विचारणारी मुलगी उद्धट ठरते, तेथे या हारांना काय अर्थ? समुद्र आपल्या दाराशी आहे. त्याच्याकडे पाहून मुलांनी का, असे विचारावे आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना गप्प बसवू नये, एवढे झाले तरी रामन यांचे ऋण थोडेबहुत फिटले, असे आम्ही समजू.