कार्बनचे थर आणि नेमके मोजमाप : डॉ. के. एस. कृष्णन

गाळप हंगाम सुरू झाला की राहाता, श्रीरामपूर, नेवासे, संगमनेर भागात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉली काट्यावर चढते, आकडा पडतो आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेब त्या आकड्यावर ठरतो. दूध संकलन केंद्रावर फॅटचा आकडा, रुग्णालयात हिमोग्लोबिनचा आकडा, गोळीच्या पाकिटावर मिलिग्रॅमचा आकडा. या आकड्यांवर आपण विश्वास टाकतो, कारण त्यामागे कुठेतरी एक प्रमाण जपून ठेवलेले असते. स्वतंत्र भारतात हे प्रमाण जपणारी संस्था ज्यांच्या हातून उभी राहिली, ते डॉ. करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन. सध्या ज्याचा बोलबाला आहे, त्या ग्राफिनच्या मोजमापाची वाटही त्यांच्या कामाजवळूनच जाते.

कृष्णन यांचा जन्म ४ डिसेंबर १८९८ रोजी तमिळनाडूतील वत्रप या गावी झाला. वडील शेती करणारे आणि तमिळ व संस्कृतचे जाणकार. घरातले हे संस्कार मुलाला जन्मभर पुरले. मदुराई आणि मद्रास येथे शिक्षण झाल्यावर त्यांनी रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून काम केले. दुपारच्या सुट्टीत ते विद्यार्थ्यांना खुली बैठक देत. विज्ञानातला कोणताही प्रश्न विचारण्याची तिथे मुभा होती.

१९२० मध्ये ते कलकत्त्याला गेले आणि १९२३ मध्ये सी. व्ही. रामन यांच्याबरोबर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत संशोधन करू लागले. ही संस्था १८७६ मध्ये डॉ. महेंद्रलाल सरकार या वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या गृहस्थांनी स्थापन केली होती. भारतीयांना स्वतःच्या बळावर विज्ञान करता यावे, हा त्यांचा ध्यास होता.

१९२८ च्या सुरुवातीला तिथे जो प्रयोग झाला, त्याची साधने साधी होती. सूर्यप्रकाश भिंगाने एकवटायचा, रंगीत काचेतून गाळायचा आणि अतिशुद्ध द्रवात सोडायचा. द्रवातून बाजूला विखुरणारा प्रकाश दुसऱ्या रंगाच्या काचेतून पाहायचा. मूळ रंगाचाच प्रकाश असेल तर तो दुसऱ्या काचेत अडला पाहिजे. पण थोडासा प्रकाश पार होत होता, म्हणजे त्याचा रंग बदललेला होता. कृष्णन यांनी अनेक द्रव आणि बाष्पे घेऊन हा मंद प्रकाश पुन्हा पुन्हा तपासला. त्या वर्षी ‘नेचर’ नियतकालिकात या नव्या किरणांची माहिती रामन आणि कृष्णन या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाली. १९३० चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रामन यांना मिळाले. पुढे कृष्णन यांच्या वाट्याची चर्चा अनेकांनी केली. ते स्वतः आपल्या कामात राहिले.

१९२८ च्या अखेरीस ते ढाका विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी स्फटिकांच्या चुंबकीय गुणांचा अभ्यास हाती घेतला. काही स्फटिक एका दिशेने चुंबकाला जसा प्रतिसाद देतात, तसा दुसऱ्या दिशेने देत नाहीत. हा फरक फार सूक्ष्म असतो. तो मोजण्यासाठी कृष्णन यांनी क्वार्ट्झच्या केसासारख्या बारीक तंतूला स्फटिक टांगला, तो चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये सोडला आणि तंतूला हळूहळू पीळ दिला. एका ठराविक पिळाला स्फटिक एकदम गर्रकन फिरतो. तो कोन नोंदवला की दोन दिशांमधला फरक गणिताने काढता येतो. महागडे यंत्र नसतानाही जगाने मान्य करावे असे मोजमाप त्यांनी यातून साधले.

१९३३ मध्ये ते कलकत्त्याच्या त्याच संस्थेत महेंद्रलाल सरकार यांच्या नावाचे प्राध्यापक म्हणून परतले. याच पद्धतीने त्यांनी ग्रॅफाइट तपासले. ग्रॅफाइट म्हणजे शिसपेन्सिलीतला काळा पदार्थ. त्यात कार्बनच्या अणूंचे पातळ थर पापडाच्या चळतीसारखे एकावर एक असतात. थराच्या दिशेने आणि थराला काटकोनात अशा दोन दिशांनी मोजल्यावर त्यांना चुंबकीय गुणात सुमारे ४० पट फरक आढळला. गांगुली यांच्याबरोबर केलेल्या कामात विजेच्या वहनातही दोन दिशांमध्ये हजारो पटींचा फरक दिसला. वीज थराच्या आत सहज धावते, एका थरातून दुसऱ्या थरात जाताना मात्र अडखळते. म्हणजे ग्रॅफाइटचा प्रत्येक थर बराचसा स्वतंत्र वागतो, हे या आकड्यांनी दाखवले. पुढे २००४ मध्ये मँचेस्टर येथे आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव यांनी साध्या चिकटपट्टीने असा एकच थर सुटा केला. तेच ग्राफिन. २०१० चे नोबेल त्यांना मिळाले.

१९४० मध्ये कृष्णन रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९४२ मध्ये अलाहाबाद विद्यापीठात रुजू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जवाहरलाल नेहरूंना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. मार्च १९४५ पर्यंत ते इथे कैदेत होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ त्यांनी याच किल्ल्यात लिहिला. सुटकेनंतर, ४ जानेवारी १९४७ रोजी, दिल्लीत राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची कोनशिला नेहरूंच्या हस्ते बसली. तिचे पहिले संचालक म्हणून कृष्णन यांची निवड झाली. २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांनी तिचे उद्घाटन केले.

त्या वेळी देशात मापांचा गोंधळ होता. आपल्याकडेही धान्य पायली, शेर आणि मणात मोजले जाई, पण एका भागातला शेर दुसऱ्या भागातल्या शेराशी जुळेलच याची खात्री नसे. नुकसान बहुधा गरिबाचे होई. १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला. देशाची मूळ प्रमाणे सांभाळण्याची जबाबदारी या प्रयोगशाळेवर होती. प्लॅटिनम आणि इरिडियमच्या मिश्रधातूचा ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम तिथेच ठेवला आहे. दुकानातले वजन वरच्या दर्जाच्या वजनाशी, ते आणखी वरच्याशी, असे पायरी-पायरीने पडताळत जाणारी साखळी शेवटी दिल्लीतल्या या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते.

संचालकपदाचा व्याप असूनही कृष्णन यांनी संशोधन सोडले नाही. तापलेल्या तारांमधील उष्णतेची विभागणी आणि तापलेल्या ग्रॅफाइटमधून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन यांवर त्यांनी तिथे काम केले. १९५४ मध्ये पद्मभूषण आणि १९५८ मध्ये पहिला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. १४ जून १९६१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचे मोल आज आरोग्याच्या क्षेत्रात अधिक जाणवते. ग्राफिन आणि त्याचे भाऊबंद पाणी गाळण्यासाठी, रक्त तपासणाऱ्या संवेदकांसाठी, औषध नेमक्या जागी पोहोचवण्यासाठी अभ्यासले जात आहेत. पण कार्बनच्या सूक्ष्म कणांचा शरीरावर होणारा परिणाम नावावर नव्हे, तर आकार, जाडी आणि शुद्धतेवर ठरतो. लांब आणि ताठ कार्बन नळ्या उंदरांमध्ये ॲस्बेस्टॉससारख्या वागल्याचे २००८ मध्ये दिसले. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये अशा नळ्यांच्या एका प्रकाराला संभाव्य कर्करोगकारक ठरवले. उलट, अतिशय पातळ आणि शुद्ध ग्राफिन ऑक्साइड निरोगी स्वयंसेवकांनी थोड्या काळासाठी श्वासातून घेतल्यावर तातडीचा गंभीर त्रास झाला नाही, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. कण कोणते आणि कसे, हे आधी नीट मोजले होते म्हणूनच या निष्कर्षांना अर्थ आहे.

बाजाराची स्थिती वेगळी आहे. २०१८ मध्ये जगातील ६० उत्पादकांचे नमुने तपासले तेव्हा बहुतेकांत खरे ग्राफिन १० टक्क्यांहून कमी निघाले. उरलेला माल बराचसा ग्रॅफाइटचीच भुकटी होता. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्याआधीच, २०१७ मध्ये, व्याख्या ठरवून दिल्या होत्या. एक थर म्हणजे ग्राफिन, दोन म्हणजे द्विस्तरी, तीन ते दहा म्हणजे अल्पस्तरी. कसे मोजायचे याचे मानक २०२१ मध्ये आले. थर ओळखण्याच्या प्रमुख पद्धतींपैकी एक म्हणजे रामन वर्णपटमापन. १९२८ मध्ये कृष्णन यांनी डोळ्यांनी टिपलेला तोच मंद, रंग बदललेला प्रकाश आता यंत्र टिपते आणि नमुन्यात किती थर आहेत, दोष किती आहेत, हे सांगते. ग्राफिन स्वतःही आता मापनाचे साधन झाले असून काही देशांत विद्युत रोधाचे प्रमाण त्यावरून ठरवले जाते.

‘ग्राफिनयुक्त’ किंवा ‘नॅनो’ असे लिहिलेला मास्क, पट्टा किंवा पाण्याचा फिल्टर घेताना ग्राहकाने दोन गोष्टी विचाराव्यात : नेमका कोणता पदार्थ किती आहे, आणि तो कोणी व कोणत्या पद्धतीने तपासला? उत्तर मिळाले नाही तर केवळ नावासाठी जादा पैसे मोजू नयेत. काट्यावरचा शिक्का पाहून माल घेण्याची सवय आपल्याला आहेच. तीच सवय इथेही लावून घ्यावी.